दम लागतो, पण किती अंतरावर?

‘थोडं चाललं की दम लागतो’ ही तक्रार दवाखान्यात रोज कानी पडते. त्यातले ‘थोडं’ म्हणजे नेमके किती, हे मात्र क्वचितच कुणाला सांगता येते. आमच्या सायवन परिसरात वाटेचे अंतर पाडा, ओहळ, चिंच, हातपंप अशा खुणांनी सांगितले जाते. या खुणा उत्तमच आहेत. त्यांना मीटरचा आकडा जोडला, की त्या वैद्याच्याही उपयोगी पडतात. आणि तो आकडा घरातल्या मोबाइलवरील नकाशा देऊ शकतो.

उतारवयातील आजार पुष्कळदा चालण्यातून प्रथम डोकावतो. हृदय दुर्बळ झाले, रक्त कमी झाले वा फुफ्फुसे थकली, की चालण्याचा पल्ला घटतो. परंतु माणूस नकळत तडजोड करतो. देवळापर्यंत जाणारे आजोबा अर्ध्या वाटेवरून परतू लागतात, पुढे अंगणातच फेऱ्या मारतात आणि विचारल्यावर म्हणतात, ‘मला काही त्रास नाही.’ ते खोटे बोलत नसतात. त्रास व्हावा एवढे ते चालतच नाहीत.

माझ्याकडे येणाऱ्या एका आजी लेकीच्या पाड्यावर जाताना चिंचेखाली विसावा घेत. नातवाने मोबाइलवर मोजले, तर ते अंतर साडेतीनशे मीटर भरले. दोन महिन्यांनी त्या दोनशे मीटरवरच्या हातपंपापाशीच बसू लागल्या. घरच्यांनी हे सांगितल्यावर रक्त तपासले. हिमोग्लोबिन बरेच उतरले होते आणि उपचार वेळेवर सुरू झाले.

मोजण्याची रीत सोपी आहे. गूगल मॅप्समध्ये आपल्या घराच्या जागी बोट दाबून धरावे. खूण उमटली, की तिच्या माहितीत अंतर मोजण्याचा पर्याय सापडतो. मग नकाशा सरकवत वाटेवर एकेक बिंदू जोडत जावे. दोन बिंदूंमधले अंतर सरळ रेषेत मोजले जाते. म्हणून प्रत्येक वळणावर बिंदू द्यावा, अन्यथा अंतर कमी भरते. पाड्यांच्या पायवाटा साध्या नकाशावर बहुधा नसतात. उपग्रहचित्र निवडल्यास त्यांतील अनेक दिसतात. या मोजणीत चढ मात्र कळत नाही. तेव्हा नोंदीसाठी शक्यतो सपाट, माणसांची ये-जा असलेली वाट निवडावी.

मॅरेथॉनचा ४२.१९५ किलोमीटरचा मार्ग प्रमाणित करण्यासाठी चाकाच्या फेऱ्या मोजणारे यंत्र बसवलेली सायकल प्रत्यक्ष रस्त्यावरून चालवतात. आपल्याला इतक्या काटेकोरपणाची गरज नाही. दहा-वीस मीटर इकडेतिकडे झाले तरी चालेल. वाट दर वेळी तीच असावी. रुग्णालयात सहा मिनिटांत रुग्ण किती अंतर चालतो, हे बहुधा ३० मीटरच्या सरळ मार्गिकेत मोजतात. ती चाचणी देखरेखीखालीच व्हावी. घरी जोर लावून आकडा वाढवण्याचा हट्ट नको. चालताना सहज बोलता यावे, एवढीच गती ठेवावी.

दर पंधरवड्याला एका वहीत चार गोष्टी लिहाव्यात: तारीख, प्रथम कुठे थांबावे लागले, तिथवर किती मिनिटे लागली आणि थांबण्याचे कारण. ठरावीक अंतरावर पोटरी दुखते व थांबल्यावर दुखणे ओसरते, तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असण्याची शक्यता असते. चालताना छातीत दाब जाणवला, तर वहीसाठी थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. विसाव्यानंतरही काही मिनिटांत तो ओसरला नाही, तर विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. ज्येष्ठांना ‘कसं वाटतं?’ एवढेच विचारू नका. ‘आज कुठवर गेलात?’ हेही विचारा. लागोपाठ दोन नोंदींत पल्ला घटलेला दिसला, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.