भाचीचा जुना कम्प्युटर

जुन्या कम्प्युटरवर कोणती सिस्टीम टाकावी, हा प्रश्न अलीकडे मला बऱ्याच जणांनी विचारला. कारण उघड आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. ज्यांनी नोंदणी केली त्यांना सुरक्षेच्या अपडेटसाठी आणखी एक वर्ष मिळालं, एवढंच. विंडोज ११ घ्यायची तर किमान चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था मशीनमध्ये असावी लागते. प्रोसेसरही ठरलेल्या यादीतला हवा. इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत नाहीत. म्हणजे मशीन चालू आहे, पडदा ठीक आहे, कीबोर्डची अक्षरं पुसली तरी बोटांना पाठ आहेत, पण कंपनीच्या हिशेबात ते बाद.

बीड जिल्ह्यात असे कम्प्युटर खूप सापडतील. पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतून निघालेले, बंद पडलेल्या क्लासमधून विकलेले, कुणा नातेवाइकाने ‘मुलांना होईल’ म्हणून दिलेले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आमच्याकडची हजारो कुटुंबं कोयते घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. जी मागे राहतात त्यांचंही उत्पन्न फार वेगळं नसतं. तिथं ‘नवीन घ्या’ हा सल्ला देणं सोपं, ऐकणं अवघड.

माझी थोरली बहीण माजलगावला असते. मेहुणे गाड्यावर फळं विकतात. भाची बी.ए. झाली आणि टायपिंग शिकू लागली. गल्लीतल्या बायका तिच्याकडून शिष्यवृत्तीचे, दाखल्यांचे फॉर्म भरून घ्यायच्या. ती ते मोबाइलवर डोळे बारीक करून भरायची. एका बंद झालेल्या क्लासचा कम्प्युटर तिने अडीच हजारांत घेतला. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, दोन जीबी रॅम, विंडोज ७. त्या विंडोज ७ चा पाठिंबा तर १४ जानेवारी २०२० लाच संपला होता. मशीन सुरू व्हायला इतका वेळ लागायचा की आपा तेवढ्यात चहा करून आणायची. ब्राउझर नव्या साइट उघडत नव्हता. दुरुस्तीवाल्या पोराने दोन पर्याय सांगितले: नवीन घ्या, नाहीतर चारशे रुपयांत ‘क्रॅक’वाली विंडोज १० टाकून देतो.

भाचीने मला फोन केला. “मामू, हे चाललं तर मी घरात बसून चार पैसे कमवीन, एम.ए.चा फॉर्मही भरीन. नाहीतर अब्बा म्हणतात, रिश्ते तो आ ही रहे.” तेव्हा प्रश्न फक्त मशीनचा नव्हता.

क्रॅकचा पर्याय मी आधीच बाजूला ठेवला. एक तर ती चोरीची वस्तू. रोजच्या रोटीची सुरुवात तिच्यावर कशाला करायची? दुसरं म्हणजे कुलूप तोडणाऱ्या त्या फाइलसोबत आत आणखी काय शिरलं हे कुणालाच माहीत नसतं. आणि हिच्या मशीनवर तर शेजाऱ्यांचे आधार क्रमांक, बँकेचे पासबुक, मुलींचे फोटो येणार. लोक विश्वासाने कागद हातात देतात. ती अमानत आहे.

राहिला लिनक्सचा रस्ता. नाव अनोळखी वाटतं, पण तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच आहे. फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये त्याचा गाभा लिहायला घेतला आणि सगळ्यांसाठी खुला केला. त्यावर जगभरातल्या लोकांनी वेगवेगळ्या सिस्टीम रचल्या: डेबियन, उबुंटू, मिंट, लुबुंटू. केरळच्या सरकारी शाळांमधली मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच कम्प्युटर शिकत आहेत. ई-कोर्ट प्रकल्पात देशभरातल्या जिल्हा न्यायालयांना उबुंटू देण्यात आलं. आपल्या सी-डॅकने ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांसाठीची लिनक्स सिस्टीमही काढली आहे.

हे मी मेहुण्यांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गाड्यावरच्या माणसाचा प्रश्न विचारला, “भाई, मुफ्त की चीज अच्छी कैसी रहेगी? कुछ तो नुक्स होगा.”

प्रश्न बरोबर होता. फुकट द्राक्षं कोण देतो? सडायला आलेली असतील तरच. मी म्हटलं, दुल्हेभाई, याला फुकटापेक्षा मोकळं म्हणा. उन्हाळ्यात रस्त्यावर सबील लावतात, तिचं पाणी फुकट असतं म्हणून वाईट नसतं. कुणीतरी रोज माठ धुतो, भरतो. लिनक्सचंही तसंच. काही लोक हौसेने राबतात, काही मोठ्या कंपन्या त्यांच्या गरजेपोटी पगारी माणसं लावतात आणि केलेलं काम सगळ्यांसाठी खुलं ठेवतात. परवान्यातच लिहिलंय की तुम्ही ते वापरा, नक्कल करा, शेजाऱ्याला द्या. माठ धुणारं कुणी उरलं नाही की मात्र अशी सिस्टीमही मरते. म्हणून जिच्या मागे माणसं जास्त, ती निवडायची.

नवख्या माणसासाठी निवडताना ही गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. ‘सर्वांत हलकी’, ‘सर्वांत वेगवान’ अशा याद्या खूप मिळतात. पण रात्री नऊ वाजता प्रिंट निघाली नाही तर विचारायचं कुणाला? उबुंटू आणि मिंट वापरणारे जगभर इतके आहेत की तुमची अडचण आधी कुणाला तरी आलेली असते आणि तिचं उत्तर कुठंतरी लिहिलेलं असतं. बॉसबद्दल मला आदर आहे, तरी एकट्याने शिकणाऱ्या मुलीला मी मोठ्या वस्तीतलंच घर सुचवीन.

मग आम्ही मशीनकडे वळलो. पहिलं काम, जुन्या डिस्कवरचं जे जे ठेवायचं ते पेन ड्राइव्हवर उतरवून घेणं. नवी सिस्टीम बसवताना जुनं पुसलं जाऊ शकतं, आणि त्या डिस्कमध्ये आपाकडच्या एका लग्नाचे फोटोही जाऊन बसले होते. दुसरं काम, मशीनची नाडी तपासणं. प्रोसेसर ६४-बिटचा आहे ना? कोअर टू ड्युओ असतो. हे बघावं लागतं, कारण ३२-बिट मशीनसाठी नव्या सिस्टीम फार उरल्या नाहीत. डेबियननेही २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून ३२-बिट पीसीवर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकली. रॅम किती? मिंटला किमान दोन जीबी लागते, चार असली तर बरं चालतं. आम्ही जुन्या बाजारातून दोन जीबीची आणखी एक पट्टी आणि एक लहान एसएसडी घेतली. दोन्ही मिळून खर्च दोन हजारांच्या आत. खरं सांगायचं तर जुन्या मशीनला जान येते ती एसएसडीमुळे, सिस्टीम कोणतीही टाका. कुणाकडे एकाच गोष्टीपुरते पैसे असतील आणि रॅम अगदीच तोकडी नसेल, तर आधी एसएसडी घ्यावी.

लिनक्सची एक सोय मला फार आवडते. ते बसवण्याआधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं. डिस्कला हात लागत नाही, आवडलं नाही तर पेन ड्राइव्ह काढा, मशीन पहिल्यासारखं. मी तीन पेन ड्राइव्ह तयार करून नेले: लुबुंटू, झोरिन आणि मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. भाचीला सांगितलं, तिन्हीवर एकच काम कर. मराठीत अर्ज टाइप कर, सेव्ह कर, बंद कर, पुन्हा शोधून उघड, पीडीएफ कर, मोबाइलवर पाठव. मी शेजारी बसलो, पण माउसला हात लावला नाही.

मला हलकं म्हणून लुबुंटू पसंत होतं. तिने मिंट निवडलं. म्हणाली, “इथं खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू आहे, क्लासमधल्यासारखा. आणि सेव्ह केलेलं कुठं गेलं ते लगेच कळतं.” बसणार ती, म्हणून निवड तिची. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, तोवर ती एम.ए. होऊन जाईल, इन्शाअल्लाह.

आता भाषेचा मामला. आमच्या घरांत बोलणं दखनीत, शाळा मराठीत, आणि निकाहची पत्रिका मराठीसोबत उर्दूतही लागते. मिंटमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडता येतो आणि उर्दूचा फोनेटिकही. एक बटण दाबलं की लिपी बदलते. मराठीसाठी लोहित, मुक्ता असे खुले फॉन्ट आहेत, उर्दूसाठी नोटो नस्तालिक. लिब्रे ऑफिसमध्ये एकाच पानावर वर मराठी, खाली उर्दू लिहून तिने आपाला दाखवलं. आपाला मराठी अडखळत वाचता येतं. उर्दूतलं स्वतःच्या मुलीचं नाव तिने दोनदा वाचलं.

अडचणीही सांगायला हव्यात. इनपेज हे उर्दूचं जुनं सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेलं आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेल्या जुन्या मराठी फाइल तो फॉन्ट नसेल तर अगम्य चिन्हांसारख्या दिसतात. ज्यांचा छपाईचा धंदा अशा फाइलींवर उभा आहे, त्यांनी विंडोजचं एक मशीन जवळ ठेवावंच. बोटांचे ठसे घेणारी यंत्रं बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइडसाठी केलेली असतात, त्यामुळे त्या कामाला भाची गिऱ्हाइकाला केंद्रावर पाठवते. प्रिंटर घेण्याआधी तो लिनक्सवर चालतो का ते विचारून घ्यावं. एचपीचे बरेचसे चालतात, काही लहान लेझर प्रिंटर मात्र फार दमवतात. टायपिंगच्या परीक्षेचा सराव ज्या सॉफ्टवेअरवर करायचा ते तिच्या संस्थेत विंडोजवर आहे, म्हणून ती तासभर तिथं जाते. घरी बोटं चालवते, तिथं वेळ लावते.

मशीन सुरू व्हायला आता चहा होईपर्यंत थांबावं लागत नाही. गल्लीतल्या बायका वहीत पावतीसारखं नाव लिहून जातात. पहिल्या महिन्याच्या कमाईतून तिने एम.ए.ची फी भरली नाही, तेवढी झालीच नव्हती. पण फॉर्म भरला, आणि तो स्वतःच्या मशीनवर. मेहुण्यांनी रिश्त्याची गोष्ट सध्या काढलेली नाही.

तुमच्या घरात कपाटावर कापड टाकून ठेवलेला असा एखादा कम्प्युटर असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा सुरू करा. रॅम किती, प्रोसेसर कोणता, ते कागदावर लिहा. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. आणि जो किंवा जी त्याच्यापुढे रोज बसणार आहे, त्यालाच माउस हातात द्या.