अर्धं यंत्र

एसी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भिंतीवरची लांबट पांढरी पेटी येते. ह्यूस्टनमधल्या आमच्या घरात ती कुठेच नाही. इथे छताला जाळ्या आहेत. जाळ्यांतून गार हवा येते, आणि ती कुठून येते हे बघायचं तर माळ्यावर चढावं लागतं. माळा म्हणजे छप्पर आणि खोल्यांचं छत यांच्यामधली बुटकी, अंधारी जागा. तिथे कपाटाएवढा एक पत्र्याचा डबा असतो. त्याला म्हणतात एअर हँडलर. आत एक मोठा पंखा आणि एक गार कॉइल. घरातली हवा एका मोठ्या जाळीतून, फिल्टर ओलांडून आत ओढली जाते, कॉइलवरून जाताना गार होते आणि डक्टमधून खोल्याखोल्यांत परत येते. काँप्रेसरचा डबा बाहेर अंगणात. दोन्ही डब्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या दोन नळ्या, एक बारीक आणि एक जाड.

गेल्या उन्हाळ्यात आमच्यावर हे सगळं बदलायची वेळ आली. जुनी यंत्रणा २००८ची होती. तिच्यात आर-२२ नावाचा गॅस होता, आणि कॉइलमधून तो गळत होता. आर-२२ ओझोनच्या थराला मारक, म्हणून अमेरिकेत २०२०पासून त्याचं नवं उत्पादन आणि आयात बंद आहे. जुन्या यंत्रांतून काढून शुद्ध केलेला जो काही मिळतो, तो महाग. गळक्या कॉइलमध्ये तो भरत राहण्यात अर्थ नव्हता.

एरवी आम्ही दोघांनी चार दिवस पंख्यावर काढले असते. पण आई-बाबा अकोल्याहून आले होते, आणि आईला दमा आहे. तिची खोली घराच्या टोकाला. एसी धड होता तेव्हाही ती खोली हॉलपेक्षा दोन-तीन अंश गरमच असायची, आणि वर दमट. अकोल्याचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा आईने जन्मभर काढलाय, पण तो कोरडा. ह्यूस्टनची हवा ओल्या टॉवेलसारखी अंगावर बसते. रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठावं, तर आई पलंगावर उशीला टेकून बसलेली. “झोप येत नाही गं,” एवढंच म्हणायची. तिचा श्वास मला दारातून ऐकू यायचा.

भाव सांगायला तीन कंपन्यांची माणसं आली. पहिला पाच मिनिटं घरात फिरला आणि म्हणाला, “पाच टनाचं टाका.” दुसराही पाच टनच म्हणाला. वर त्याने डक्टमध्ये जंतू मारणारा दिवा बसवायचा सल्ला दिला. बाबांना दोघंही पटले. “मोठंच घे न. घडी घडी कटकट नको,” ते म्हणाले.

तिसरा माणूस पन्नाशीचा, मूळचा मेक्सिकोचा. सोबत त्याचा भाचा. त्याने आधी खिडक्या मोजल्या. कोणती भिंत पश्चिमेला हे पाहिलं. माळ्यावर चढून इन्सुलेशनची जाडी पाहिली. मग डक्टला बारीक भोक पाडून त्यात नळी घातली आणि हवेचा दाब मोजला. बाबा शिडीखाली उभे राहून हे बघत होते. त्यांनी त्याला तेव्हाच ‘मिस्त्री’ म्हणायला सुरुवात केली, आणि आमच्या घरात तेच नाव पडलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने हिशेब पाठवला. घराला तीन टन पुरे. यंत्र लहान, पण एकूण भाव दुसऱ्यापेक्षा थोडा जास्तच, कारण त्यात डक्टचं काम होतं.

एसीचा ‘टन’ म्हणजे वजन नव्हे. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता ओढून घ्यायची ताकद. बर्फाच्या लाद्यांनी खोल्या गार करायचे त्या काळातलं हे माप. मग जास्त टन म्हणजे जास्त गारवा, असं वाटणं साहजिक आहे. पण गरजेपेक्षा मोठं यंत्र हवा चटकन गार करतं आणि बंद पडतं, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतं. हवेतली वाफ कॉइलवर जमून पाणी होऊन निथळायला यंत्र बराच वेळ सलग चालावं लागतं. मोठं यंत्र तेवढं चालतच नाही. थर्मामीटर खूश, पण अंग चिकट.

आधुनिक एसीचा जन्मच मुळी दमटपणाच्या तक्रारीतून झाला. १९०२मध्ये न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यात हवेतल्या ओलीने कागद फुगायचा, आक्रसायचा आणि रंग एकावर एक नीट बसायचे नाहीत. विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने त्यावर जी यंत्रणा आखली, ती कागदासाठी होती. माणसाला गार वाटणं हा पुढचा फायदा.

आईच्या खोलीचा दोष मात्र टनांत नव्हताच. माळ्यावर मिस्त्रीने मला टॉर्चच्या उजेडात दाखवलं. तिच्या खोलीकडे जाणारा डक्ट, म्हणजे आत तारेचं वेटोळं आणि बाहेर इन्सुलेशन असलेला लवचीक पाइप, एका लाकडी तुळईवरून खाली लोंबून मुरगळला होता. बागेतला पाइप मुरगळावा तसा. दुसरं म्हणजे, हवा परत ओढणारी जाळी सगळ्या घराला मिळून एकच, आणि तीही लहान. पंख्याला श्वासच पुरत नव्हता. अशा यंत्राला साधारण अर्धा इंच पाण्याच्या दाबाइतका अडथळा झेपतो. आमच्याकडे तो ०.९ इंच होता. पाच टनाचं यंत्र याच अरुंद गळ्याला जोडलं असतं, तर आवाज वाढला असता, बिल वाढलं असतं आणि आईची खोली तशीच राहिली असती.

कामाच्या दिवशी ते सकाळी सहाला हजर. अकरानंतर माळा पन्नाशीच्या वर जातो, म्हणून वरचं जड काम आधी. आईला मैत्रिणीकडे सोडलं. मी हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसले, आणि बाबा शिडीपाशी.

आधी जुना गॅस एका यंत्राने ओढून सिलिंडरमध्ये भरला. हवेत सोडणं हा इथे गुन्हा आहे, आणि या गॅसला हात लावायला परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. मग जुना डबा खाली आला आणि नवा वर गेला. खाली सुरक्षेसाठी एक पसरट ट्रे, त्यात एक तरंगतं बटण. पाणी वाहून नेणारी नळी तुंबली आणि ट्रे भरला, तर बटण उचललं जाऊन यंत्र बंद होतं. नाहीतर पाणी छतातून पलंगावर येतं.

मग डक्ट. भाचा प्रत्येक सांध्यावर ब्रशने राखाडी लुकण फासत होता. मी विचारलं, “याला डक्ट टेप नाही का वापरत?” तो हसला. १९९८मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने डक्टचे सांधे बंद करायची साधनं तपासली, तेव्हा सगळ्यात वाईट ठरली ती कापडी डक्ट टेपच. उष्णतेने तिचा गोंद सुटतो. आणि सांधे गळणं ही किरकोळ गोष्ट नाही. अमेरिकी सरकारच्या ‘एनर्जी स्टार’चा अंदाज आहे, की साधारण घरात डक्टमधून जाणारी २० ते ३० टक्के हवा वाटेतच गळते. म्हणजे आपण माळा गार करत बसतो.

आईच्या खोलीचा पाइप नवा, ताणून बसवला आणि रुंद पट्ट्यांनी टांगला. तिच्या दाराबाहेर परतीच्या हवेची दुसरी जाळी आली. एक इंची फिल्टरच्या जागी चार इंच जाडीचा बसला. बारीक धूळ अडवणारा दाट फिल्टर पातळ असला, तर हवाही अडवतो. जाड फिल्टरमध्ये घड्या खोल, कागद जास्त, म्हणून धूळ अडते आणि हवा जाते.

दुपारी नळ्या जोडताना बाबांनी विचारलं, “यातून जातं काय नेमकं?” मी सांगितलं, की द्रव गॅस बारीक नळीतून कॉइलमध्ये येतो, तिथे दाब कमी होतो, तो उकळून वाफ होतो, आणि वाफ होताना हवेतली उष्णता घेतो. ती वाफ जाड नळीतून बाहेर जाते. काँप्रेसर तिला दाबतो, ती उष्णता अंगणात सोडते आणि पुन्हा द्रव होते. बाबा क्षणभर थांबले. दर एप्रिलमध्ये कूलरच्या ताट्या बदलण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली आहेत. म्हणाले, “म्हणजे हा कूलरच झाला न. फक्त तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरणारा.” इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला हे इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

सांधे तापवून जोडताना मिस्त्री नळीतून नायट्रोजन सोडत होता, कारण आत हवा असली तर तांब्याची काळी खपली धरते आणि ती पुढे बारीक वाटा बुजवते. मग नायट्रोजन दाबाने भरून गळती तपासली. गळती नव्हती. मग आला व्हॅक्यूम पंप. नळ्यांतली हवा आणि ओल पूर्ण काढायची. ओल राहिली तर काँप्रेसरच्या तेलाशी तिचं आम्ल बनतं, आणि ते यंत्राला आतून खातं. हे मोजतात मायक्रॉनमध्ये. साधी हवा ७,६०,००० मायक्रॉन. इथे पोचायचं ५००च्या खाली, आणि पंप थांबवल्यावर तिथेच टिकायला हवं.

आकडा ५००च्या खाली गेला. मिस्त्रीने पंप बंद केला. आकडा चढू लागला. १,८००वर जाऊन थांबला. गळती असती तर चढतच राहिला असता. थांबला, म्हणजे आत ओल आहे. संध्याकाळचे पाच वाजले होते. घरात ३४ अंश. आईचा फोन येऊन गेला होता, “येऊ का?”

त्या क्षणी व्हॉल्व्ह उघडून गॅस सोडला असता, तरी यंत्र चाललं असतं. रात्री घर गार झालं असतं आणि आम्ही त्यांना धन्यवाद म्हणून निरोप दिला असता. फरक दोन-चार वर्षांनी कळला असता, आणि तेव्हा काँप्रेसरचंच नशीब फुटकं म्हणून आम्ही नवा घेतला असता. मी ज्या क्षेत्रात काम करते, तिथे चुकलेला कोड रात्री मागे घेता येतो, कुणी काय बदललं याची नोंद राहते. इथे नळ्या बंद झाल्या की आतली ओल कुणालाच दिसत नाही. ती आहे हे फक्त मिस्त्रीला माहीत.

तो काही बोलला नाही. नळ्यांत पुन्हा नायट्रोजन भरला, सोडला, पंप लावला. पुन्हा थांबून पाहिलं. पुन्हा नायट्रोजन. तिसऱ्या वेळी आकडा ३५०वर गेला आणि पंप थांबवल्यावर ४००च्या आसपास स्थिर राहिला. साडेसात वाजले होते. बाबांनी तोवर तीनदा चहा केला होता.

नवा गॅस आर-४५४बी. आर-२२नंतर आलेल्या आर-४१०एचं एक किलो हवेत गेलं, तर शंभर वर्षांत सुमारे २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतं. याचं एक किलो साधारण ४६६. म्हणून २०२५पासून इथे नव्या यंत्रांत असे गॅस आले. तो किंचित ज्वलनशील असल्याने डब्यात गळती ओळखणारा सेन्सरही असतो.

दमा एसीने बरा होत नाही. आईचा पंप उशाशी असतोच. पण त्या रात्रीपासून तिच्या खोलीचं आणि हॉलचं तापमान एक झालं, आणि हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राहू लागली. रात्री दोन वाजता मी उठले की तिच्या दारापाशी थांबते. आतून फक्त घोरणं ऐकू येतं.

जाताना मिस्त्रीने डब्याच्या पत्र्यावर मार्करने तारीख, डक्टमधला दाब आणि शेवटचा मायक्रॉनचा आकडा लिहिला. कशाला, म्हणून विचारलं, तर म्हणाला, पुढच्या माणसासाठी. कारखान्यातून येतं ते अर्धंच यंत्र. उरलेलं अर्धं घरी येऊन बसवणारा करतो, आणि त्याची पाटी कुठेच नसते.

या मार्चमध्ये अकोल्याच्या घरी आईच्या खोलीत स्प्लिट एसी बसला. आपल्याकडे सीझनमध्ये बसवणाऱ्या पोरांना दिवसाला किती घरं झाली यावर पैसे मिळतात, आणि पुष्कळ जण व्हॅक्यूम पंप आणतच नाहीत. यंत्रातलाच थोडा गॅस सोडून नळीतली हवा हाकलतात. आलेला मुलगाही तेच म्हणाला, “काका, पंप कायले पाहिजे? गॅसनंच हवा काढून देतो न.” बाबांनी त्याला बसवलं, चहा पाजला, वरच्या खेपेचे वेगळे पैसे कबूल केले आणि पंप आणायला पाठवलं. तो दोन तासांनी परत आला. पंप चालू असताना बाबांनी मला व्हिडिओ कॉल लावला आणि मीटरवरचा काटा दाखवत विचारलं, “पाय बरं, पुरे का आता?”