टिटवीचा तुकडा

मागच्या मे महिन्यात बार्शीटाकळीला गेलो होतो, बाबांशी वावर विकायचं बोलायला. वखरणी चालू होती. मधेच बाबांनी ट्रॅक्टर थांबवला. "तेवढं राहू दे बाप्पा."

मला आधी काहीच दिसेना. मग दिसली, ढेकळांत चार अंडी! मातीचाच रंग, वर काळे डाग. घरटं म्हणजे नुसता खळगा आणि भोवती खडे.

महानच्या काटेपूर्णा धरणावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात, टिटवी मात्र बारमाही इथलीच. राहते पाण्याच्या आसपास, अंडी घालते उघड्या जमिनीवर. नर-मादी आळीपाळीने बसतात, साधारण 28 दिवस. आपल्याकडच्या उन्हात अंडी थंड ठेवणं हेच मोठं काम. त्यासाठी दोघंही पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतात. पिल्लं अंगावरची पिसं वाळली की चालायला लागतात. घरट्याशी त्यांचा संबंध संपला!

"यंदा अंडे उंचावर हायेत, पाणी जोरात येईन," बाबा म्हणाले. मी नुसता हसलो. विक्रीचा विषय काही निघाला नाही.

पंधरा दिवसांनी फोन आला, चारही पिल्लं निघाली. म्हटलं, "मग वखरला का तो तुकडा?"

"नाही अजून."

असो. पुढच्या खेपेला बघू.