अंथुर्ण्याच्या टपरीवर ट्रेझेगे

वीकेंडला जायचं कुठे, हा तुमचा-आमचा सनातन प्रश्न! लोणावळ्याला ट्रॅफिक, महाबळेश्वरला गर्दी आणि मुळशीच्या रिसॉर्टचे रेट ऐकून घरीच झोपावंसं वाटतं. जानेवारीत माझ्या रूममेटने हा प्रश्न एका वाक्यात निकालात काढला. ‘आमच्या गावी चल, हुरडा आहे.’ गाव कुठलं? अंथुर्णे, तालुका इंदापूर.

हडपसरची गर्दी पार केली की सोलापूर हायवे मोकळा होतो. उरुळी कांचन, यवत, मग पाटसला उजवीकडे वळून बारामती. तिथून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना ऊस, ऊस आणि ऊस. सीझन चालू असल्याने पुढे कायम एखादा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या आणि त्यावर कारखान्याकडे डुलत निघालेला डोंगर. हा तुकोबांच्या पालखीचा रस्ता. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला पहिलं गोल रिंगण आणि मग मुक्काम अंथुर्ण्याला. आषाढात एका रात्रीसाठी हे गाव लाखो पाहुण्यांना सांभाळतं. जानेवारीत मात्र आम्ही दोघीच पाहुण्या होतो, त्यामुळे बडदास्त जोरदार!

हुरड्याबद्दल जास्त लिहीत नाही. आगटीतून निघालेली गरम कणसं, हातावर चोळलेला हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. ज्याने खाल्लाय त्याला सांगायला नको आणि ज्याने खाल्ला नाही त्याला सांगून उपयोग नाही.

खरी मजा संध्याकाळी आली. रूममेटचा चुलतभाऊ (आम्ही दोघी त्याला दादाच म्हणतो) आम्हाला रस्त्याकडेच्या टपरीवर चहाला घेऊन गेला. दोन मुली येऊन बसल्यावर आधी सगळ्यांचे आवाज खाली गेले. पण एका मोबाईलवर इंग्लिश प्रीमियर लीगची मॅच लागली होती, त्यामुळे पाच मिनिटांत आम्हाला सगळे विसरले. माझं लक्ष मात्र दादाच्या अंगावर. धुऊन धुऊन विटलेली नारिंगी जर्सी, पाठीवरच्या इंग्रजी नावातली दोन अक्षरं उडालेली. तरी ओळखलं मी. ट्रेझेगे!

‘दादा, तू बालेवाडीला आला होतास?’

‘आलो होतो म्हणजे? क्रूझर करून गेलो होतो, अकरा जण!’

मीही होते. ऑक्टोबर २०१४, दिवाळीची सुट्टी, मी अकरावीत. इंडियन सुपर लीगचा पहिलाच सीझन. एफसी पुणे सिटी नावाची नवी कोरी टीम, मालकांमध्ये हृतिक रोशन आणि टीमचा स्टार डेव्हिड ट्रेझेगे. खरं सांगू? आमचा अर्धा ग्रुप हृतिकसाठी आला होता. पण ट्रेझेगे म्हणजे साधं नाव नव्हतं. २००० सालच्या युरो फायनलमध्ये इटलीविरुद्ध गोल्डन गोल मारून फ्रान्सला कप देणारा हा माणूस. जुव्हेंटससाठी १७१ गोल! आणि हो, २००६च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये पेनल्टी क्रॉसबारवर मारणाराही तोच. त्या दिवशी गोव्याविरुद्ध आम्ही २-० जिंकलो, दुसरा गोल त्याचा. घसा बसेपर्यंत ओरडले होते मी.

पुढे काय झालं? नऊ मॅच, दोन गोल. दुसरा गोल केरळविरुद्ध, तोही बालेवाडीतच आणि ती मॅच आपण हरलो. टीम सहावी आली. जानेवारी २०१५मध्ये साहेबांनी फुटबॉललाच रामराम ठोकला.

माझ्या प्रश्नाने टपरीवर काडी पडली. ‘पैसे घ्यायला आला होता तो,’ मँचेस्टर युनायटेडवाला म्हणाला. (नावं देत नाही. तिथे सगळे एकमेकांना क्लबच्या नावानेच चिडवतात.) किती पैसे, यावर चार जणांनी चार आकडे सांगितले, सगळे कोटींत. ‘पळत होता का? नुसता गोलपाशी उभा!’

‘तो तसाच खेळायचा रे आयुष्यभर,’ दादा पेटला. ‘बॉक्समध्ये बॉल मिळाला तर मारणार. बॉल द्यायचा कोणी?’

दादाचा मुद्दा मला पटतो. ट्रेझेगे ड्रिबल करत मैदान कापणारा खेळाडू कधीच नव्हता. विंगवरून नेमका क्रॉस यायला हवा आणि तो कधी येणार हे त्याला आधीच कळायला हवं. अशी समज एकत्र खेळून खेळून येते. इथे फ्रेंच, ग्रीक, इटालियन आणि भारतीय खेळाडूंची टीम काही आठवड्यांत जमवलेली. दुसऱ्याच मॅचला मुंबईने आपल्याला ५-० धुतलं. सीझन ऑक्टोबरच्या मध्यात सुरू झाला आणि डिसेंबरच्या वीस तारखेला फायनलसकट संपलासुद्धा! त्यात हा गडी पहिल्याच आठवड्यात सदतीस वर्षांचा झालेला.

‘मग तुमच्या डी मारियाचं काय?’ चेल्सीवाल्याने नेम धरून मारलं. युनायटेडवाला एकदम गप्प. डी मारियाही २०१४चाच. जवळजवळ सहा कोटी पौंड, तेव्हाचा ब्रिटनमधला विक्रम. घरी बायको-मुलगी असताना चोर घुसायला आले, त्यानंतर त्या कुटुंबाचं मँचेस्टरमध्ये मन लागलं नाही. वर्षभरात माणूस पॅरिसला. अर्थात चेल्सीवाल्याने फार हसू नये. तीन कोटी पौंडांचा शेवचेन्को २००६मध्ये त्यांनीच आणला होता. पहिल्या दोन सीझनमध्ये लीगमधले गोल किती? नऊ!

एवढ्यात रूममेटचे आजोबा, अण्णा, डेअरीवर दूध घालून परत आले आणि बाकड्यावर टेकले. ‘कशाचं भांडण लावलंय?’

‘जर्सीचं,’ कोणीतरी म्हणालं.

‘कुणाची आजारी हाय?’

टपरी हसून लोळायची बाकी राहिली. तुम्हाला विनोद कळला नसेल तर सांगते, अंथुर्ण्यात जर्सी ही आधी गाय असते आणि मग शर्ट. येताना लागलेल्या उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७मध्ये ‘बाएफ’ संस्था सुरू केली. त्यातून संकरित गाई गावोगाव पोचल्या. आपल्या शहरी फ्रिजमधलं बरंचसं दूध अशा गाईंचंच. त्यामुळे परदेशी पाहुणा कसा रुळवायचा, या विषयात या भागाचा अनुभव बालेवाडीपेक्षा जुना आहे.

अण्णांना सगळा मामला समजावून सांगितला. त्यांनी बशीतला चहा संपवला.

‘म्या पंजाबातून एचएफ आणली होती. तिथं तीस लिटर देती म्हनले. हितं आल्यावर बारा! उन्हाळ्यात जीभ बाहेर, त्यात गोचीड ताप. लोक म्हनले, फसला म्हातारा, इकून टाक. म्या म्हनलं, पहिल्या वेताला तिला काय मागायचं न्हाई. पानी, सावली, पंखा लावला. दुसऱ्या वेताला बावीसवर आली.’

‘अण्णा, ट्रेझेगेचं दुसरं वेत झालंच नाही ना,’ दादा म्हणाला. पुन्हा हशा. पण मला ते पटकन लागलं, कारण पुढचा हिशोब खरोखर तसाच आहे. २०१५मध्ये मोठं नाव म्हणून आला एड्रियन मुटू, टीम सातवी. २०१६मध्ये आइसलँडचा गुड्योनसेन, तर तो सीझनच्या आधीच जखमी. पुणे सेमीफायनलला पोचलं ते एकदाच, २०१७-१८मध्ये. तेव्हा गोल मारणारे मार्सेलिन्हो आणि अल्फारो. ट्रेझेगेच्या तुलनेत दोघंही बिननावाचे. पण दोघांचा भारतातला आधीचा सीझन झाला होता, एकाचा दिल्लीकडून आणि दुसऱ्याचा नॉर्थईस्टकडून. ऊन, प्रवास, मैदानं, सगळं अंगवळणी पडलेलं.

आणि मग क्लबच बंद पडला. २०१९मध्ये एफसी पुणे सिटीचा गाशा गुंडाळला, बरेच खेळाडू हैदराबादला गेले आणि त्याच हैदराबादने २०२२मध्ये लीग जिंकली! पुण्याच्या अकादमीत घडलेला मलप्पुरमचा आशिक कुरुनियन भारताकडून खेळला. त्याच्या नावाची जर्सी मात्र अंथुर्ण्यात कोणाकडे नाही. माझ्याकडेही नाही.

या सगळ्या गोंधळात एक मुलगा काहीच बोलला नव्हता. डेअरीवर फॅट बघायला बसतो तो. युनायटेडवाल्याने पुन्हा तेच सुरू केलं, ‘एवढे पैसे दिल्यावर जमत नाही म्हणजे काय? हॉटेल देतात, गाडी देतात...’

‘तुला काय माहिती?’ तो मुलगा म्हणाला. आवाज चढला नव्हता, तरी सगळे थांबले.

दादाने मला नंतर सांगितलं. मेकॅनिकलचा डिप्लोमा, चेन्नईजवळच्या एका कारखान्यात नोकरी, गावातल्या कोणाला नव्हता एवढा पगार. गाव सोडायला आलं होतं त्याला. पाच महिन्यांत परत आला. तेव्हापासून गावात तो ‘टिकला नाही’ म्हणून ओळखला जातो.

‘कामात माझी एक चूक काढली नाही कोणी,’ तो म्हणाला. ‘शिफ्ट संपली की बोलायला माणूस नव्हता. रविवारी दिवसभर तोंड उघडायचं नाही. आईचा फोन आला की आवाजच फुटायचा नाही आधी. ट्रेझेगेचं मला माहीत नाही. पण पळत नव्हता म्हणजे पैसे खायला आला होता, असं नसतं.’

कोणी काही बोललं नाही. मोबाईलवर कोणीतरी गोल मारला, तोही कोणी पाहिला नाही. युनायटेडवाल्याने उठून त्याच्यासाठी चहा सांगितला. अण्णा म्हणाले, ‘चला, जेवायला उशीर होतोय.’

गावातून गाडीपर्यंत चालताना तो मुलगा आमच्या बरोबरीला आला. चाकणच्या एका कंपनीतून फोन आला होता, पुढच्या आठवड्यात इंटरव्ह्यू.

‘ताई, तिकडे रूम कितीपर्यंत मिळते?’

मी दोघा-तिघांत मिळून घे म्हणाले, अंदाजे भाडं सांगितलं, भोसरीत राहणाऱ्या एका मित्राचा नंबर दिला. त्याने तो लगेच सेव्ह केला.

‘आणि मेसला भाकरी असते का?’