मुरायला जमीन लागते

वाचकहो, आयुष्यात दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या माणसाने वाइनवर लेख लिहावा, याचे आपणांस नवल वाटेल. बावीस प्रतिज्ञा पाळणाऱ्या घरातला मी. वस्तीत व्यसनमुक्तीच्या सभा घेण्यात वीस वर्षे गेली. ते व्रत आजही कायम आहे. तरीही एका वाइनच्या मळ्याने मला जे शिकवले, ते आपणांस सांगितल्यावाचून राहवत नाही.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही सहकुटुंब नाशिकची त्रिरश्मी लेणी पाहायला निघालो. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, सोडून एस.टी. वैजापूरमार्गे येवल्याला आली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती ही भूमी. मुक्तिभूमीला वंदन करून पुढची गाडी धरली, तर विंचूरला वाइन पार्कची पाटी दिसली. मुलगी म्हणाली, "बाबा, वाइन प्यायची नाही, पण मळा बघायला काय हरकत आहे?" द्राक्षे तशी आपल्याला परकी नाहीत. चौदाव्या शतकात इब्न बतूता आपल्या दौलताबादेला आला, तेव्हा त्याने इथल्या द्राक्षांची आणि डाळिंबांची नोंद करून ठेवली आहे.

लेणी पाहून झाल्यावर गंगापूर धरणाच्या बाजूला एका मळ्यात गेलो. काढणी चालू होती. सुरगाण्याकडच्या बायका कात्रीने घड कापून क्रेटमध्ये ठेवीत होत्या. "मळा कुणाचा, ताई?" असे माझ्या पत्नीने विचारले. "मालकाचा. आम्ही हंगामापुरत्या," ती बाई हसून म्हणाली आणि पुढच्या वेलीकडे वळली.

मळा दाखवणाऱ्या तरुणाने सांगितले, की या पांढऱ्या द्राक्षाचे नाव शेनिन ब्लाँ. हे मूळचे फ्रान्समधील लोआर नदीच्या खोऱ्यातले. नाशिकला राजीव सामंत यांनी अमेरिकेतली नोकरी सोडून घरच्या जमिनीवर वाइनची द्राक्षे लावली आणि २००० साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली. त्यात हे द्राक्ष होते. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, अशी वेलीला वर्षातून दोनदा कात्री लागते. लोआरला वेल हिवाळाभर झोपतो. आपल्या उन्हात फळाची आंबटाई लवकर उतरते, म्हणून इथली ही वाइन ताजीच पितात. तिकडची मात्र आंबटाई टिकून राहते आणि तिच्या जोरावर ती पन्नास-साठ वर्षेही मुरते.

घरी आल्यावर मुलीने त्या मुलखाची माहिती जमवली. लोआरकाठी वूव्रे नावाचे गाव आहे. तिथे व्हिक्तोर उए यांनी १९२८ साली एक मळा विकत घेतला. त्यांचा मुलगा गास्ताँ दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत पाच वर्षे होता. सुटून आल्यावर त्याने पुन्हा मळा सांभाळला, वाढवला आणि गावाचा महापौरही झाला. त्याच्या मागून जावयाने कारभार पाहिला. १९४७ सालची त्यांची गोड वाइन जाणकारांत नावाजलेली आहे. आपला देश स्वतंत्र झाला त्या वर्षीचे द्राक्ष! रंगाने ती सोन्यासारखी होते आणि तिला मधाचा वास येतो, असे म्हणतात.

आणखी एक गोष्ट वाचून आम्ही वेरूळकडची माणसे चकित झालो. त्या गावात वाइन ठेवतात ती डोंगर कोरून काढलेल्या तळघरांत. तिथला दगड मऊ चुन्याचा, आपला काळा कातळ. पण आतला बारमाही थंडावा तोच. पुढे वेगवान रेल्वेचा मार्ग गावच्या मळ्यांवरून जाणार, असे ठरले, तेव्हा गावाने हरकत घेतली. शेवटी रूळ मळ्यांखालून बोगद्यातून गेले. २००३ साली उए यांच्या मळ्याची मालकी दुसऱ्या कुटुंबाकडे गेली, पण मळे जागचे हलले नाहीत.

बंधू-भगिनींनो, मी विचार करू लागलो. पन्नास वर्षे बाटली न उघडता कोण थांबू शकतो? ज्याची उद्याची भाकर पक्की आहे तो. आमच्या वस्तीत देशी दारूची बाटली सांजेला येते आणि रात्र व्हायच्या आत संपते. सोबत घरातला पगारही संपवते. तिला मुरायला वेळच नाही. वाइन महागडी असो की देशी स्वस्त, पाचव्या शीलाला दोन्ही सारख्याच. पण त्या बाटलीमागचा मळा मला विसरता येईना. एकाच तुकड्यावर आजा, बाप, जावई राबले, म्हणून त्या मातीचे नाव जगात गेले. आमच्या आज्यापणज्यांनी दुसऱ्यांच्या मातीवर जन्म काढला. म्हणूनच दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांना घेऊन सत्याग्रहाला उतरले, तुरुंगात गेले.

आता घरचे सांगतो. माझ्या वडिलांनी पै पै साठवून गावी दोन एकर कोरडवाहू जमीन घेतली होती. ते गेल्यावर धाकटा भाऊ म्हणू लागला, "दादा, प्लॉटिंगवाला चांगला भाव देतोय. आपल्याला शेती कुठं जमते? विकून टाकू." मी कारकून माणूस, हिशेब पाहून राजी झालो होतो. कागदही तयार होते, फक्त सही बाकी होती. नाशिकहून आल्यावर मी भावाला घरी बोलावले आणि सुरगाण्याच्या त्या ताईंचे बोलणे सांगितले: "आम्ही हंगामापुरत्या." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, बांधावर आंबा लावला तर फळ कधी येईल?" मी म्हटले, "तुझ्या पोरांना नक्की मिळेल."

येत्या मृगाला वीस रोपे लावायची ठरली आहेत. कागद फाडून टाकले. वडिलांच्या नावाचा सातबारा मात्र कपाटात जपून ठेवला आहे. तोही मुरू द्या.