खारीचा वाटा

कुत्रा घरी आला की फुकटचे सल्ले सुरू होतात. लग्न ठरल्यावर मिळतात त्याहूनही जास्त! ‘दोन रट्टे द्या, सरळ होईल.’ ‘पेपरची सुरळी करून नाकावर मारायची.’ ‘घरात बॉस कोण ते एकदा कळू दे त्याला.’ ऑफिसात, लिफ्टमध्ये, वाण्याकडे... जिथे जाल तिथे. आणि गंमत म्हणजे सल्ला देणाऱ्यांपैकी निम्म्यांनी आयुष्यात साधं मांजरही पाळलेलं नसतं.

आमची खारी गावठी. (‘इंडी’ म्हटलं की जरा भाव वाढतो, पण आई गावठीच म्हणते.) रंग थेट बेकरीतल्या खारीसारखा, म्हणून नाव खारी. साधारण दीड वर्षाची असताना आमच्याकडे आली. त्याआधीचा तिचा पत्ता होता कोथरूडमधली एक बांधकामाची साइट. नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाच्या टोकाला छोटासा काप. बाकी स्वभाव एकदम गोड. घरात शी-शू नाही, चपला चावणं नाही, सोफ्यावर दादागिरी नाही. मी लॅपटॉप उघडला की टेबलाखाली माझ्या पावलांवर हनुवटी टेकवून झोपायची.

प्रॉब्लेम एकच. काठी.

कुणाच्याही हातात काठी दिसली की खारीच्या अंगात यायचं. साइटवर तिचं काय झालं असेल, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि आमच्या गेटवर वॉचमनकाका चोवीस तास काठी घेऊन उभे. म्हणजे सकाळी सहा वाजता, रात्री नऊ वाजता, दिवसातून चार वेळा गेटपाशी महाभारत. चावली कुणालाच नाही. पण चौदा किलोचं कुत्रं पट्टा ताणून मागच्या दोन पायांवर उभं राहून भुंकतं, तेव्हा ते चाळीस किलोचं वाटतं.

दोन महिन्यांत सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आम्ही फेमस झालो. मग सेक्रेटरींचं पत्र आलं. आता कायदा मला पाठ होता. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात, की सोसायटीला ठराव करूनसुद्धा पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. पण मी भाडेकरू! पत्राची कॉपी घरमालकांना गेली. ते फोनवर अतिशय प्रेमाने म्हणाले, ‘मला काहीच प्रॉब्लेम नाही हो. फक्त करार मार्चमध्ये संपतोय. तेव्हा बघू.’

या ‘बघू’चा अर्थ पुण्यात भाड्याने राहणाऱ्या प्रत्येकाला कळतो. नोव्हेंबर चालू होता. कुत्र्यासकट घर शोधणं काय असतं ते मैत्रिणींकडून ऐकलं होतं. मामा म्हणाला, ‘आमच्याकडे वाईला सोडून दे, शेतात राहील.’ आई त्यावर काही बोलली नाही, पण त्या रात्री खारीच्या वाटीत भात जरा जास्तच पडला.

मग एका ट्रेनरला बोलावलं. माणूस हसतमुख, बूट झकास. बॅगेतून त्याने चोक चेन काढली. भुंकली की झटका, पुन्हा भुंकली की पुन्हा झटका. ‘मॅडम, कुत्रा म्हणजे लांडगा. कळपात एक अल्फा असतो. तो तुम्ही व्हायचं.’ मी त्यांना चहा दिला, व्हिजिटचे पैसे दिले आणि साखळी बॅगेतच राहू दे म्हणून सांगितलं. आई म्हणाली, ‘अगं, निदान बघायचं तरी.’ मला बघायचं नव्हतं.

ही ‘अल्फा’ची भानगड मी आधीच वाचलेली होती. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल नावाच्या स्विस संशोधकाने बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास केला. पिंजऱ्यात कोंडलेल्या त्या लांडग्यांत मारामाऱ्या होणारच! पुढे १९७०च्या आपल्या पुस्तकातून अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांनी ही कल्पना घरोघरी पोचवली. त्यानंतर याच मेक यांनी मोकळ्या जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली लिहिलं, की लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाबा आणि पोरं. साधं कुटुंब. ‘अल्फा’ हा शब्द तिथे बसतच नाही. आपल्याच पुस्तकाची छपाई थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले. एवढं झालं, तरी आपले ट्रेनर अजून १९४७मध्येच!

पण माझा खरा आक्षेप वेगळा होता. खारी काठीला घाबरते. काठी दिसली की तिच्या गळ्याला झटका बसणार. म्हणजे तिच्या डोक्यात हिशोब काय बसेल? काठी आली की दुखतं. हेच तर तिला आधीपासून माहीत होतं! भुंकणं कदाचित थांबेल, भीती नाही. आणि भीती तशीच ठेवून फक्त आवाज बंद केलेलं कुत्रं मला जास्त धोक्याचं वाटतं. भुंकणं, गुरगुरणं ही सूचना असते. सूचना द्यायचीच चोरी झाली, तर एक दिवस थेट दात.

पोर्तुगालमध्ये पोर्तो भागातल्या वेगवेगळ्या ट्रेनिंग स्कूल्समधल्या ९२ कुत्र्यांवर एक अभ्यास झाला होता, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. झटके, ओरडा, शिक्षा यांवर चालणाऱ्या शाळांमधल्या कुत्र्यांच्या वागण्यात ताण जास्त दिसला, ट्रेनिंगनंतर लाळेतलं कॉर्टिसॉलही जास्त वाढलं. मला त्यातली वाट्यांची टेस्ट फार आवडली. एका बाजूला ठेवलेल्या वाटीत नेहमी खाऊ, दुसऱ्या बाजूच्या वाटीत कधीच नाही. कुत्र्याला हे कळलं, की मग वाटी मधेच कुठेतरी ठेवायची आणि तो किती वेगाने जातो ते पाहायचं. खूप शिक्षा झालेले कुत्रे मधल्या वाटीकडे सावकाश गेले. असेल का काही? जाऊ दे, नसेलच. (आपल्या ऑफिसातलं कुणी आठवलं का? मला आठवलं.)

तर आमचा मार्ग ठरला. पनीर!

पावलॉव्ह शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनाच भेटलेला असतो. मेट्रोनोमची टिकटिक झाली की लगेच खाणं, असं पुन्हा पुन्हा केलं की पुढे नुसत्या टिकटिकीने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. आम्हाला टिकटिकीच्या जागी काठी बसवायची होती. ऐकायला सोपं आहे. करायला गेलं की दोन गोष्टी जीव काढतात. पहिली, क्रम. आधी काठी दिसायला हवी, मग पनीर. आधी पनीर दाखवलं तर उलटंच होतं. पनीर दिसलं की आता काठी येणार, असं म्हणून पनीरचीच धास्ती बसते. दुसरी, अंतर. खारीला काठी दिसते आहे पण अजून तिचा तोल गेलेला नाही, इतक्या लांब उभं राहायचं. आमचं अंतर निघालं पस्तीस पावलं. पार्किंगच्या पार टोकाला, कचऱ्याच्या डब्यांजवळ. महिनाभर सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं मी तिथे फॉर्मल्स घालून उभी असायचे. काठी दिसली, पनीर. काका पलीकडे वळले, काठी दिसेनाशी झाली, पनीर बंद. एवढंच. बाकी ‘सिट’ नाही, ‘स्टे’ नाही.

पनीरचा तुकडा वाटाण्याएवढा. रोजच्या खाण्यातून तेवढं वजा करायचं, नाहीतर कुत्रं शहाणं होतं आणि ढोलही होतं. आईने एकदा प्रेमाने बेदाणे काढले होते, ते मी हातातून काढून घेतले. बेदाण्यांनी कुत्र्याच्या किडन्या निकामी होऊ शकतात. चॉकलेट आणि कांदासुद्धा नाही.

आईला वेगळीच शंका. ‘ही लाच नाही का गं?’

प्रश्न बरोबर आहे, सगळेच विचारतात. माझं उत्तर असं, की लाच कामाआधी दाखवतात, पगार काम झाल्यावर मिळतो. आणि कुत्र्याचा पगार महिन्याच्या एक तारखेला देऊन चालत नाही, एका सेकंदात द्यावा लागतो. तीन सेकंद उशीर झाला की तोवर तिने कान खाजवलेला असतो आणि पगार कान खाजवण्याचा होतो. म्हणून एक छोटा शब्द ठरवतात. नेमक्या क्षणी तो उच्चारायचा, मग निवांत खिशात हात घालायचा. मी ‘येस’ म्हणते. आई ‘येस’ म्हणायला तयार नाही, ती ‘शाब्बास’ म्हणते. खारीला दोन्ही कळतं.

(खरं तर आमच्या घरातली बेस्ट ट्रेनर आईच. पहिली पोळी तव्यावरून उतरली की तिचा चतकोर खारीला. आठवड्याभरात लाटण्याचा आवाज झाला रे झाला, की खारी ओट्यापासून बरोबर तीन फुटांवर पुतळ्यासारखी बसायला लागली. कुणी शिकवलं तिला बसायला? आई म्हणते, मी नाही!)

मधेच कॅरेन प्रायर यांच्याबद्दल वाचलं. या बाई १९६०च्या दशकात हवाईमध्ये डॉल्फिन शिकवायच्या. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा कसा घालणार? रागावलात तर तो पाठ फिरवून पोहत निघून जाणार. मग एकच रस्ता उरतो, बरोबर केलं की शिट्टी आणि मासा. तेच पुढे त्यांनी १९८४ साली कुत्र्या-माणसांसाठी पुस्तकात लिहिलं. मला हे फार पटलं. खारीच्या गळ्यात पट्टा आहे म्हणून मी तो ओढू शकते, एवढाच काय तो फरक.

डिसेंबरच्या मध्यावर आम्ही वीस पावलांवर आलो, आणि आता काकांची मदत लागणार होती. मी त्यांच्याशी बोलायला गेले तेव्हा कळलं, की गडी आमच्यापेक्षा जास्त घाबरलेला. गावाकडे, लातूरजवळ, लहानपणी कुत्रा चावला होता. पोटात इंजेक्शनं घेतलेली. ‘ताई, काठी काय मी मारायला धरत न्हाई. ती हातात असली की जरा धीर वाटतो.’

मी गप्पच झाले. मग म्हटलं, काका, काठी सोडू नका. फक्त मी खूण केली की ती भिंतीला टेकवून ठेवा. आणि खारीच्या डोळ्यांत बघू नका, अंगावरून हात फिरवायचा तर प्रश्नच नाही. तुमच्या हातून ती खाणारही नाही. हा चिकनचा तुकडा तिच्या पाठीमागे फेका. पाठीमागे का? कारण तो खायला ती तुमच्यापासून लांब जाते. तिला सुटका मिळते आणि तुम्हालाही. ही आयडिया काकांना प्रचंड आवडली.

भिंतीला टेकवलेली काठी. मग जमिनीवर आडवी. मग हातात, पण स्थिर. मग हातात आणि दोन पावलं चालणारी. प्रत्येक पायरीला आठवडा तरी. संक्रांतीच्या सुमारास रात्रपाळीच्या बदली माणसाने गेटसमोरच्या भटक्या कुत्र्यांना काठीने हाणलं, ते खारीने बाल्कनीतून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पस्तीस पावलं, पुन्हा कचऱ्याचे डबे. त्या दिवशी पार्किंगमध्ये मला रडू आलं, ऑफिसचा कॉल म्यूटवर टाकून.

आणि मग फेब्रुवारीतली एक सकाळ. आम्ही गेटपासून आठ पावलांवर. काका खुर्चीवरून उठले, काठी खण्णकन फरशीवर वाजली. खारीचे कान ताठ. मी श्वास रोखला. तिने काठीकडे पाहिलं, एक क्षण, दोन क्षण, आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. तोंड अर्धवट उघडं, कान सैल. ‘हं, वाजली काठी. पनीर कुठाय?’

‘येस’ म्हणताना माझा आवाज फाटला. काका तिकडून ओरडले, ‘ताई, बघितलं का? बघितलं का?’

मार्चमध्ये करार झाला. भाडं दहा टक्क्यांनी वाढलं, पण त्यात खारीचा हात नाही. सेक्रेटरी अजून आमच्याशी तुटक बोलतात, ते आधीही तसंच बोलायचे. दिवाळीचे फटाके पनीरने सुटत नाहीत. त्यासाठी आम्ही व्हेटकडून लिहून घेतलेली गोळी देतो आणि बाथरूममध्ये गादी घालून तिघी बसतो. शेकहँड खारीला अजून येत नाही, मी शिकवलेलाही नाही.

काका गेल्या आठवड्यात दोन महिन्यांच्या रजेवर गावी गेले, मुलीचं लग्न आहे. जाताना खारीच्या पाठीमागे चिकनचा तुकडा फेकून गेले. बदलीवर आलेला मुलगा चोवीस-पंचवीसचा आहे. त्याच्याकडे काठी नाही, शिट्टी आहे. कर्कश. परवा वाजली तर खारी माझ्या दोन पायांत शिरली. त्याच्याशी बोलणं झालंय, उद्या सकाळी साडेसहाला पार्किंगच्या टोकाला भेटायचं ठरलंय. दोनशे ग्रॅम पनीर आणून ठेवलंय. आईला सांगितलंय, ते भाजीचं नाही.