मध्यरात्रीची घंटा

तंजावूरला गेलेला मराठी माणूस काय पाहतो? बृहदीश्वराचे उंच शिखर, त्याच मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख, राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय. एवढे झाले की पुढच्या गावाची गाडी! तुम्ही मात्र एक दिवस राखून ठेवा आणि दक्षिणेकडे जाणारी पट्टुकोट्टैची बस धरा.

कावेरीच्या पाण्यावर पिकणारी भातशेती पाहत सुमारे २४ किलोमीटर गेले की ओरत्तनाडू येते. सरफोजी राजे (दुसरे) यांनी १८०२ मध्ये उभारलेले मुक्तांबाळ छत्र ते इथेच. मुक्तांबाळ ही राजांची सहचरी. आपल्या नावाने छत्र व्हावे, ही तिची अखेरची इच्छा होती, असे सांगतात.

आपण ज्याला अन्नछत्र म्हणतो, त्यालाच तमिळमध्ये ‘सत्तिरम’ म्हणतात. पण ही छत्रे केवळ जेवणाच्या पंगती नव्हत्या. काशी-रामेश्वरची यात्रा पायी करण्याचा तो काळ. तंजावूरपासून रामेश्वरपर्यंतच्या वाटेवर भोसले राजांनी ठिकठिकाणी छत्रे बांधली, त्यांच्या खर्चासाठी जमिनी लावून दिल्या. निडामंगलमचे यमुनांबाळ छत्रही असेच, राजघराण्यातल्या स्त्रीच्या नावाचे.

१७९९ च्या तहाने तंजावूरचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. सरफोजींच्या हाती किल्ला, नेमणूक आणि महसुलातला पाचवा वाटा उरला. आता छत्रांच्या जमिनी गेल्या तर? १८०१ मध्ये राजांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून त्या सोडून देण्याची विनंती केली. छत्रांत काय चालते, ते त्यात तपशीलवार सांगितले आहे.

येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही जातीचा असो, शिजवलेला भात मिळे. ज्याला तो चालत नसे, त्याला कोरडा शिधा. आजारी वाटसरूला बरा होईपर्यंत औषध आणि पथ्याचे जेवण. वाटेत बाळंत झालेल्या बाईचा सगळा खर्च छत्राचा आणि पुढे तीन महिने राहण्याची मुभा. तान्ह्या मुलांना दूध. पोरकी झालेली मुले पंतोजींच्या स्वाधीन केली जात. त्यांना तीन वेळा जेवण, कपडे, शिक्षण आणि दर चार दिवसांनी तेल लावून न्हाऊ घालणे! वाटेत कुणी मेलाच, तर ज्याच्या त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार. जातिभेद होताच, पण उपाशी कुणी राहू नये, हा नियम त्याहून मोठा होता.

मनात घर करून राहते ती पत्रातली एक गोष्ट. अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून पुकारा होई: ज्याला अजून मिळाले नसेल, त्याने यावे आणि आपला भात न्यावा.

ही घंटा आजही आपल्या कामाची वाटते. घरकुल असो, नळ असो वा शाळा, आपल्याकडे गरजू माणसाने कागद घेऊन एका खिडकीकडून दुसऱ्या खिडकीकडे फिरायचे असते. तंजावूरच्या वाटेवर उलटे होते. कोण राहून गेले, हे शोधण्याचे काम देणाऱ्याचे होते. तेही ज्या राजाचे राज्य गेले होते, त्याच्या छत्रांत!

छत्रांचा कारभार राजांकडेच राहिला. पुढे १८५५ मध्ये घराण्याची सत्ता संपली आणि छत्रे सरकारकडे गेली. छत्रांच्या मालमत्तेच्या उत्पन्नावर नंतरच्या काळात विद्यार्थ्यांची वसतिगृहे चालली. म्हणजे पांथस्थ बदलले, एवढेच. ओरत्तनाडूच्या इमारतीची मात्र बरीच पडझड झाली. कोरीव लाकूडकामाने काळाचे पुष्कळ घाव सोसले.

तरी तिथे जाच. मोठ्या देवळाचे शिखर पाहून आपली मान वर जाते. या पडक्या छत्रापुढे उभे राहिले की ती आपोआप खाली झुकते. आपल्या माणसांनी परमुलखात जाऊन राज्य केले, याचा अभिमान असावाच. पण मध्यरात्री घंटा वाजवून उपाशी माणसाला हाक मारली, याचा अधिक असावा.